डाव्या हाताची शाळा

अलिबागच्या समुद्रात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, कुलाबा किल्ला उभा आहे. भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. ओहोटी लागली की पायी चालत जाता येते. सहलीला येणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक असते. परंतु खडकावरच्या ओल्या शेवाळाचा घर्षणांक किती कमी असतो, हे पडल्याशिवाय नीटसे पटत नाही. २०१८ सालच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी ते मला पटले. वर्षानुवर्षे मुलांना घर्षण शिकवणारा मी, माझाच पाय घसरला! पडणारा कोणीही माणूस जे करतो तेच मी केले. उजवा तळहात पुढे टेकला. सारा भार मनगटावर आला आणि तिथले हाड मोडले.

दवाखान्यातून बाहेर पडलो तो उजव्या हाताला प्लॅस्टर घालूनच. सहा आठवडे ते ठेवायचे होते. बारावीच्या वर्गाचा परिवलन गतीचा भाग अर्धा राहिला होता आणि परीक्षा फेब्रुवारीत येऊन ठेपली होती. रजा घेणे बरे दिसले नसते. तिसऱ्या दिवशी डाव्या हातात खडू धरून मी फळ्यापुढे उभा राहिलो. ‘कोनीय संवेग’ एवढे दोन शब्द लिहायला मला जवळजवळ पाऊण मिनिट लागले. दोनदा खडू मोडला. अक्षर पहिलीतल्या मुलाचे वाटावे असे. मागच्या बाकांवर हसू फुटले आणि त्यात मीही सामील झालो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

घरी आल्यावर मात्र विचार सुरू झाला. चाळिशीला टेकलेल्या माणसाचा डावा हात आता नव्याने काही शिकेल काय? आणि मुळात तो इतका अडाणी का?

हात दुबळा की अडाणी?

विद्यार्थी मित्रहो, आपण सहज म्हणतो की डावा हात दुबळा असतो. पण पाण्याने भरलेली बादली एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने उचलून पाहा. फरक जाणवेल, पण थोडाच. जो हात आठ-दहा लिटर पाणी उचलतो त्याला दोन-चार ग्रॅमचा खडू जड होण्याचे कारण नाही. तेव्हा दोष स्नायूंच्या ताकदीत नाही.

मग डाव्या हाताकडे मेंदूचे संदेश उशिरा पोचतात काय? यासाठी एक सोपा प्रयोग आहे. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीच्या शून्यापाशी, पट्टीला न टेकवता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की चिमटीत पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल, तर मुक्तपतनाच्या सूत्रावरून वेळ निघतो सुमारे ०.२ सेकंद. दहा वेळा उजव्या हाताने आणि दहा वेळा डाव्या हाताने करून सरासरी काढा. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्याच येतात! माझ्या वर्गातल्या मुलांचा यावर विश्वास बसेना, म्हणून तासाला दोनदा प्रयोग करावा लागला.

म्हणजे ताकद आहे, निरोपही वेळेवर पोचतो. उणीव आहे ती निरोपातल्या मजकुरात. हा मजकूर लिहिला जातो मेंदूत. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य धक्का दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. पुढे कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे वाइल्डर पेनफील्ड या शल्यचिकित्सकाने शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना मानवी मेंदूचा असाच नकाशा तयार केला. त्यात हाताला, विशेषतः अंगठा आणि बोटांना, पाठ किंवा मांडीपेक्षा कितीतरी मोठी जागा मिळालेली दिसते. मेंदूकडून निघालेले बहुतेक मज्जातंतू लंबमज्जेच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात, म्हणून उजव्या हाताचा कारभार डाव्या गोलार्धाकडे आणि डाव्या हाताचा उजव्या गोलार्धाकडे असतो. माझ्या डाव्या गोलार्धाने पस्तीस वर्षे अक्षरे गिरवली होती. उजव्याने एकही नाही.

सात सांधेवळणांचा गोंधळ

आता भौतिकशास्त्राच्या माणसाला आवडणारा भाग. खांद्यापासून मनगटापर्यंत आपला हात किती स्वतंत्र प्रकारे वळू शकतो ते मोजू या. खांद्यात तीन प्रकारे, कोपरात एक, कोपर ते मनगट हा भाग स्वतःभोवती फिरतो तो एक आणि मनगटात दोन. एकूण सात. यांना स्वातंत्र्याच्या मात्रा म्हणतात. खडूचे टोक अवकाशात एका जागी, एका विशिष्ट कलाने धरायला सहाच मात्रा पुरतात. म्हणजे एकच अक्षर काढायचे असंख्य मार्ग मेंदूपुढे उभे राहतात आणि त्यातून दर क्षणी एक निवडावा लागतो. बोटांचे सांधे तर मी धरलेच नाहीत.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन याने १९२० नंतरच्या दशकात मॉस्कोत कामगारांच्या हातोडी मारण्याच्या हालचाली छायाचित्रांच्या साहाय्याने मोजल्या. निष्णात कामगाराच्या सांध्यांच्या हालचाली प्रत्येक घावाला थोड्या वेगळ्या होत, पण हातोडीचे टोक नेमके ठिकाणावर पडे. नवशिक्याची रीत निराळी. तो बरेचसे सांधे आवळून टाकतो आणि एक-दोनच हलवतो. सातांचा हिशेब जमत नाही, म्हणून पाच बंद करायचे आणि दोनांवर भागवायचे! फळ्यापुढे माझेही तेच झाले होते. तास संपेपर्यंत डावा खांदा आणि मान अशी भरून आली होती की जणू मी खडूऐवजी पहार धरली होती.

दुसरी अडचण वेळेची. पट्टीच्या प्रयोगात डोळ्याने पाहून हाताने कृती करायला सेकंदाचा पाचवा भाग लागला. पण सराईत हात ‘र’ चा गोल त्याहूनही चटकन काढतो. चूक दिसून ती सुधारायचा हुकूम सुटेपर्यंत गोल संपलेलाही असतो. याचा अर्थ, अशी रेघ पाहत पाहत काढता येत नाही. तिचा सगळा बेत आधीच तयार असावा लागतो आणि चुकीचा हिशेब पुढच्या वेळी कामी येतो. हा बेत आणि हिशेब सांभाळण्यात मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काचा मोठा वाटा आहे. नाव ‘लहान मेंदू’, पण मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक त्यात असतात.

शिवाय हात म्हणजे एकाला एक जोडलेल्या दांड्या. कोपराचा पुढचा भाग झटक्यात फिरवला की त्याच्या जडत्वामुळे वरच्या भागावरही उलटे आघूर्ण येते आणि खांदा नको तिकडे ढकलला जातो. अमेरिकेतील रॉबर्ट सेनबर्ग याने केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, उजवा हात वापरणाऱ्यांचा उजवा हात ही ढकल आधीच हिशेबात धरतो, डावा हात त्यात कमी पडतो. पण दुसऱ्या एका कामात डावा हात मागे नाही, उलट काही वेळा सरसच ठरतो. ते काम म्हणजे अनपेक्षित धक्का बसला तरी वस्तू एका जागी स्थिर धरून ठेवणे.

हे वाचले आणि मला श्रीवर्धनकडची रोठा सुपारी आठवली. अडकित्ता चालवतो उजवा हात आणि सारे कौतुकही त्यालाच. पण गुळगुळीत, गोल सुपारी पात्यांमध्ये हवी तशी फिरवत नेमकी धरणारा असतो तो डावा. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची रेखणी करणारा कारागीर पाहा. सगळ्यांची नजर कुंचल्यावर. पण मूर्ती केसभरही न हलू देणे हे दुसऱ्या हाताचे काम. तेव्हा ‘अडाणी’ हा माझा शब्द मी निम्मा मागे घेतला.

सरावाचे दिवस

सकाळी पंधरा मिनिटे आणि रात्री पंधरा मिनिटे असा सराव मी ठरवला. सुरुवात घरातल्या भिंतीवरच्या फळ्यावर, वीतभर उंचीच्या अक्षरांनी. मोठ्या अक्षरात खांदा आणि कोपर काम करतात. तिथे थोडी चूक खपून जाते. मग अक्षर हळूहळू लहान करत पाटीवर आणि शेवटी वहीवर आलो. सगळ्यात जास्त छळले ते शिरोरेषेने. उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे रेघ काढताना खडू ओढला जातो. डाव्या हाताने तीच रेघ काढताना तो ढकलावा लागतो. ढकललेला खडू फळ्यावर अडतो, उड्या मारतो, किंचाळतो आणि मोडतो. पेनाचेही तेच. शिवाय लिहिलेल्या ओळीवरूनच हात पुढे सरकतो, त्यामुळे अक्षर झाकते आणि शाई पसरते. डावखुऱ्या मुलांच्या वह्या कशाने माखतात हे मला तेव्हा कळले. अशा मुलाने वही थोडी उजवीकडे कलती ठेवली आणि पेन टोकापासून जरा वर धरले, तर पुष्कळ सोपे जाते. शिक्षकांनी ‘वही सरळ ठेव’ म्हणून त्याला दटावू नये.

एक गंमत तुम्हीही करा. दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्याच्या मध्यावर उभे राहा आणि उजव्या हाताने ‘क’ लिहिता लिहिता डावा हात मोकळा सोडा. डावा हात ‘क’ ची आरशातली प्रतिमा काढू लागेल! शरीर दोन्ही अंगांनी सममित असल्याने डाव्या हाताला हाच जोडीचा मार्ग सोपा पडतो. लिओनार्दो दा व्हिंची हा डावखुरा चित्रकार आपली टिपणे अशीच उलटी लिहीत असे. मला सरळ ‘क’ हवा होता, तेव्हा उजव्या हाताची ही शिकवणी पहिल्या दोन दिवसांतच बंद केली.

‘अलिबाग’ हा शब्द दहा वेळा लिहायचा आणि घड्याळ लावून वेळ टिपायची, असा नेम ठेवला होता. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर सेकंद. पहिल्या आठवड्यात आलेख झपाट्याने उतरला. दुसऱ्या आठवड्यात उतार मंदावला आणि तिसऱ्यात रेघ अगदी सपाट झाली. पाच-सहा दिवस काहीच सुधारणा नाही! मी जवळजवळ सराव सोडणार होतो. पण अशा सपाटीची नोंद फार जुनी आहे. १८९७ साली ब्रायन आणि हार्टर या अमेरिकनांनी तारयंत्र शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्यागणिक मोजली. तार घेण्याच्या कामात त्यांना असेच पठार आढळले. पुष्कळ दिवस वेग वाढत नाही आणि मग पुन्हा वाढू लागतो. त्यांचे म्हणणे असे की, सुटी अक्षरे ऐकणारा माणूस या काळात अख्खे शब्द ऐकायला शिकत असतो. सगळ्याच कौशल्यांत असे पठार येते असे नाही. माझे आले. चौथ्या आठवड्यात एके सकाळी लक्षात आले की मी ‘लि’ ची वेलांटी वेगळी काढत नसून ‘लि’ एका झोकात लिहितो आहे.

ही शिकवण मेंदूत साठते तरी कुठे? १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाच्या अपस्मारावर शस्त्रक्रिया करताना मेंदूचा काही भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याला नवीन घटना लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात उत्तम बसला. मात्र दर दिवशी त्याला वाटे, हे आपण प्रथमच करतो आहोत! हाताची आठवण आणि प्रसंगांची आठवण या मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी राहतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सहा आठवड्यांत मी सुवाच्य लिहू लागलो. वेग उजव्या हाताच्या निम्म्याच्या आसपास. पण याच डाव्या हाताने दगड फेकला, तर तो पूर्वीसारखाच भलतीकडे जाई. दात घासणे सुधारले ते रोज दात घासल्यामुळे, लिहिल्यामुळे नव्हे. हाताला जे शिकवाल तेच तो शिकतो.

मोठेपणी शिकलेले हात

हंगेरीच्या सैन्यातील कारोली टाकाच हा पिस्तूल चालवण्यात तरबेज होता. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्याचे वय २८. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आणि पुन्हा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने शीघ्र पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले, दोन्ही डाव्या हाताने.

आपल्याकडचा किस्सा क्रिकेटचा आहे. १९८१-८२ च्या रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात बंगळूरच्या फिरत्या खेळपट्टीवर कर्नाटकाचा डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भट याने मुंबईची दाणादाण उडवली. सुनील गावसकर दुसऱ्या डावात आले आणि भटसमोर चक्क डावखुरे उभे राहिले! उजव्या फलंदाजापासून बाहेर जाणारा भटचा चेंडू डावखुऱ्यासाठी आत येतो आणि पॅडने थोपवता येतो. इतर गोलंदाजांपुढे ते उजवेच खेळत. १८ धावांवर ते नाबाद राहिले. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेले, पण निर्णायक पराभव टळला. अर्थात बॅटवर दोन्ही हात असतात. तिथे हातांच्या कामांची अदलाबदल होते, एकाच हाताला सारे नव्याने शिकावे लागत नाही. स्मृती मानधना डावखुरी फलंदाजी करते आणि चेंडू उजव्या हाताने टाकते, सचिन तेंडुलकर उजव्या हाताने खेळला आणि सही डाव्या हाताने करतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

याच विषयावर पुष्कळ भाकडकथाही चालतात. १९०५ साली जॉन जॅक्सन या गृहस्थाने दोन्ही हात सारखे चालवण्याचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी त्याला प्रस्तावना दिली. डाव्या हाताने लिहिले की उजवा मेंदू जागा होतो आणि बुद्धी दुप्पट होते, असे आजही सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. माझी बुद्धी होती तेवढीच राहिली, हे माझे विद्यार्थी सांगतील. आणि जन्मतः डावखुऱ्या मुलाचा हात बदलायच्या भानगडीत तर कोणी पडू नये.

एक गोष्ट मात्र खरी आणि आश्चर्याची आहे. १८९४ साली येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका हाताला आवळण्याचा व्यायाम दिला, तेव्हा दुसऱ्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढलेली आढळली. अलीकडच्या प्रयोगांतही, एक हात बांधून ठेवलेला असताना दुसऱ्याला व्यायाम दिल्यास बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते, असे दिसले आहे.

अप्पांची सुपारी

प्लॅस्टर निघाले, उजवा हात परत आला आणि डाव्या हाताची वही मी कपाटात टाकली. ती पुन्हा बाहेर काढली २०२१ साली. नागावला आमचे चुलते अप्पा यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. वाचा शाबूत होती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, “डावाच आहे ना? मग काही अडत नाही.” अप्पा ऐकून घेत. एक दिवस मला म्हणाले, “अरे, काल सुपारी कातरायला बसलो. अडकित्ता चालतोय रे, पण धरणार कोण?”

तीन महिन्यांनी बोटे थोडी उघडमीट करू लागली. पण अप्पा सगळे काही उजव्या हाताने उरकत आणि डावा मांडीवर पडून राही. न वापरलेला हात मेंदू हळूहळू हिशेबातून वगळतो. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावर उपाय काढला, तो असा की चांगला हात रोज काही तास मोज्यात बंद करायचा आणि अधू हाताकडून कामे करून घ्यायची. अधू हातात थोडीतरी हालचाल उरलेली असेल, तरच हा उपाय चालतो आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा लागतो. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी अप्पांना तो सुचवला.

“म्हणजे डाव्या हाताने जेवू? या वयात?” अप्पा उखडले.

“अप्पा, जेवताना आणि पूजेला मोजा काढायचा. मी बाईंना विचारून घेतलंय,” मी म्हटले.

“मग सकाळचा चहासुद्धा उजव्याच हाताने,” अप्पांनी सौदा केला. काकूंनी मोजा शिवला तो जुन्या पंचाचा.

ताटलीत दहा सुपाऱ्या ठेवायच्या, डाव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकायची आणि घड्याळ मी लावायचे. पहिल्या दिवशी तीन सुपाऱ्या वाटीत पडल्या, बाकीच्या ओटीवर. माझा जुना आलेख कागद मी काकूंच्या दिनदर्शिकेशेजारी चिकटवला आणि अप्पांचे ठिपके त्यावरच लाल शाईने मांडत गेलो. त्यांची रेघ माझ्यापेक्षा फार सावकाश उतरली आणि मध्ये दोन पठारे आली. दुसऱ्या पठारावर त्यांनी चार दिवस मोजाच लपवून ठेवला.

सुपारी आता ते धरतात. दहातल्या दोन-तीन निसटतात आणि ओटीवरून घरंगळत अंगणात जातात. त्या उचलून आणायचे काम माझ्या मुलीकडे आहे. ती डावखुरी आहे आणि अप्पांचा अडकित्ता आपल्या हाताला उलटा का पडतो, असे तिने परवा मला विचारले. अडकित्ता, कात्री आणि डावा हात यांचा हा प्रश्न तुमच्याकडेच सोपवतो. घरातली कात्री डाव्या हातात धरून कागद कापून पाहा आणि पाती एकमेकांवर दाबली जातात की एकमेकांपासून दूर ढकलली जातात, ते नीट बघा.